‘अद्ययावत करणे’ : एका क्रियापदाच्या वर्णनाचा प्रश्न

क्लाउडवरील फाइल बदलण्याचे साधन एआय एजंटाच्या हाती देताना त्याचे नाव, वर्णन व निविष्ट घटक यांची नोंद सोबत दिली जाते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलची रचना अशीच आहे. साधनाची निवड करताना वर्णनातील शब्द हाच एजंटाचा मुख्य आधार होय. म्हणून ‘फाइल अद्ययावत करते’ एवढे विधान पुरेसे नाही. या क्रियापदातून नाव बदलणे, मजकुरात भर घालणे आणि जुना मजकूर काढून नवा ठेवणे, असे तीन अर्थ संभवतात; तिसऱ्यात हानीचा धोका आहे.

गूगल ड्राइव्हचे उदाहरण घ्यावे. तेथे एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली राहू शकतात. ओळख पटते ती स्वतंत्र ओळखचिन्हाने. चढविलेला नवा मजकूर जुन्याची जागा घेतो, आणि जुनी आवृत्ती ३० दिवसांनंतर अथवा १०० आवृत्त्या झाल्यावर नष्ट होऊ शकते. तेव्हा ‘दिलेल्या ओळखचिन्हाच्या फाइलीतील सर्व मजकूर बदलते, नवे नाव न दिल्यास नाव तेच राहते’ असे वर्णन हवे.

हा विवेक आपल्या परिसराला नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीतील बिघडलेले पाठ शुद्ध केले, तसे केल्याचे ग्रंथाअखेरीस नमूद करून, पुढे कोणी ओवी घालू नये, असेही बजावले. काय बदलले आणि काय बदलू नये, या दोहोंचा निर्देश करणे हेच साधनवर्णनाचेही कर्तव्य होय.