सात एकांचे कोडे

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल कचारगडला गेली होती. सालेकसा तालुक्यातले हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अजून अवकाश होता, तरी पायथ्याशी दोन-तीन गाड्यांवर ७५० हा आकडा रंगवलेला दिसला. गोंडांच्या साडेसातशे गोत्रांची ती खूण. डोंगर चढता चढता मुलींनी त्याचे अवयव पाडले: २ × ३ × ५ × ५ × ५. मग खेळच सुरू झाला. एकीने संख्या सांगायची, दुसरीने फोडायची. गुहेजवळ डबे उघडले तेव्हा सातवीतल्या एकीने विचारले, "टीचर, सात वेळा एक? १११११११?"

मी २, ३, ५, ७ पासून १९ पर्यंत भागून पाहिले. भाग जाईना. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "मूळ संख्या आहे," मी ठोकून दिले. उर्दूत जिला मुफरद अदद म्हणतात, ती.

चौथ्या दिवशी ती मुलगी वहीची तीन पाने घेऊन आली. २३९ × ४६४९! एकामागून एक मूळ संख्येने भागत गेली आणि बावन्नाव्या भागाकाराला बाकी शून्य आली. म्हणजे संख्या संयुक्त, मुरक्कब. माझे उत्तर चुकले, हे मी वर्गात सांगितले आणि गुणाकार तिच्याकडूनच फळ्यावर करून घेतला.

त्या रात्री पुस्तके काढून बसले. बावन्न कशाला, आठ भागाकार पुरले असते! सतराव्या शतकातल्या फर्माच्या नियमावरून निघते की या संख्येला भाग देणाऱ्या मूळ संख्येतून १ वजा केला, तर उरलेल्याला १४ ने भाग जायलाच हवा. म्हणून २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११ आणि २३९ एवढ्याच तपासायच्या.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांत रमत. सात एकांचा वर्ग केला की १२३४५६७६५४३२१ येतो; चढतो आणि उतरतो. अशा संख्यांना त्यांनी डोंबिवली स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून 'डेम्लो संख्या' म्हटले. दिसायला देखणी, पण पोटात तेच २३९ आणि ४६४९, दोन-दोनदा.

चुकणाऱ्यांत मी एकटी नाही. २ चा ६७ वा घात वजा १, ही एकवीस अंकी संख्या मेर्सेन यांनी १६४४ मध्ये मूळ ठरवली होती. १८७६ मध्ये लुकास यांनी ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण अवयव त्यांनाही सापडले नाहीत. संख्या फुटते हे कळणे वेगळे, कुठे फुटते ते सापडणे वेगळे. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत कोल यांनी फळ्यावर मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. किती वेळ लागला, यावर "तीन वर्षांचे रविवार" असे ते म्हणाल्याचे सांगतात.

इंटरनेटवरच्या व्यवहारांची बरीच कुलपे याच अवघडपणावर उभी आहेत. दोन प्रचंड मूळ संख्यांचा, सहसा ६१७ अंकी, गुणाकार उघडा असतो. अवयव मात्र गुप्त. २०२० मध्ये अशी २५० अंकी संख्या फोडायला जगभरचे हजारो संगणक काही महिने राबले.

सध्या आमच्या मुलीने अकरा एकांची संख्या धरली आहे: १११११११११११. या वेळी १४ च्या जागी २२ घे, एवढेच मी तिला सांगितले आहे. उत्तर मला ठाऊक आहे, पण तुम्हालाही सांगणार नाही.