मँचेस्टरने हसण्यावारी नेलेला, जगाने गौरवलेला फोर्लान

जानेवारी 2002 मध्ये उरुग्वेचा स्ट्रायकर दिएगो फोर्लान अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेमधून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला आणि पहिल्या गोलसाठी त्याला तब्बल आठ महिने लागले. तोही पेनल्टीवर! त्याच हंगामात साउदॅम्प्टनविरुद्ध विजयी गोल केल्यावर त्याने जर्सी काढली खरी, पण खेळ सुरू झाला तरी ती परत घालता येईना. मग गडी जर्सी हातात धरून उघड्या अंगानेच धावत राहिला. इंग्लंडमध्ये त्याची हीच आठवण आधी निघते. लिव्हरपूलच्या मैदानावर त्याने दोन गोल करून युनायटेडला जिंकून दिलं होतं, त्याची आठवण मात्र युनायटेडचे चाहतेच काढतात.

फुटबॉल त्याच्या घरातलाच. वडील पाब्लो उरुग्वेकडून दोन विश्वचषक खेळले, तर आजोबा हुआन कार्लोस कोरासो राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. दिएगोला लहानपणी टेनिसचीही तेवढीच गोडी होती. 1991 मध्ये मोटार अपघातात बहीण अलेहांद्रा कायमची अपंग झाली. तिच्या उपचारांसाठी पैसा हवा होता, आणि पोराने फुटबॉलच निवडला. (टेनिसची हौस त्याने 2024 मध्ये मोंतेविदेओच्या व्यावसायिक स्पर्धेत दुहेरीत उतरून भागवली. पहिल्याच फेरीत हरला, ते सोडा.)

खरा फोर्लान दिसला तो स्पेनमध्ये. 2004-05 मध्ये व्हियारेआलकडून 25 गोल, 2008-09 मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून 32. दोन्ही हंगामांत तो ला लिगाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. 2010 च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात अ‍ॅटलेटिकोने फुलहॅमला 2-1 असं हरवलं. दोन्ही गोल त्याचेच.

महिनाभराने दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक. 40 वर्षं उपांत्य फेरी न पाहिलेला, जेमतेम 35 लाख लोकवस्तीचा उरुग्वे चौथा आला. ज्या चेंडूच्या नावाने गोलरक्षक बोटं मोडत होते, त्याच चेंडूने फोर्लानने लांबून गोल केले, घानाविरुद्ध उजव्या पायाने आणि नेदरलँड्सविरुद्ध डाव्या. दोन्ही पाय सारखेच चालणारा स्ट्रायकर दुर्मीळच, आणि बचावपटूंची पंचाईत तिथेच व्हायची. एकूण पाच गोल, शिवाय स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'गोल्डन बॉल'. जर्मनीविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याची फ्री किक क्रॉसबारवर आदळली नसती, तर तिसऱ्या क्रमांकाची झुंज बरोबरीत सुटून जादा वेळेत गेली असती.

पुढच्याच वर्षी उरुग्वेने कोपा अमेरिका जिंकली. पराग्वेविरुद्धच्या अंतिम सामन्यातल्या तीन गोलांपैकी दोन त्याचे. आजोबा, वडील आणि नातू अशा तिन्ही पिढ्यांच्या नावावर ही स्पर्धा लागली.

2016 मध्ये तो इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचा कर्णधार म्हणून अंधेरीच्या मैदानावर उतरला, तेव्हा वय होतं 37. नावाजलेले विदेशी खेळाडू इथे निवृत्तीची सहल करायला येतात, अशी कुजबूज तेव्हा असायचीच. फोर्लानने केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक ठोकली आणि मुंबई 5-0 अशी जिंकली. साखळीत संघ अव्वल ठरला. उपांत्य फेरीत मात्र कोलकात्यात कर्णधारालाच लाल कार्ड मिळालं, सामना 3-2 असा गेला. अंधेरीतल्या परतीच्या लढतीत तो खेळू शकला नाही. ती गोलशून्य सुटली आणि मुंबईचा हंगाम तिथेच संपला.