एकटे औषध आणि दुबळे शरीर

सातारा-सांगलीकडील अंगणांत बारमाही फुलणारी सदाफुली देवपूजेस नेहमी हाताशी असते. याच झाडापासून व्हिंक्रिस्टीन हे कर्करोगावरील औषध निघते. १९६३ पासून ते वैद्यकात रूढ आहे.

कर्करोगाच्या पेशी झपाट्याने विभागत असतात. व्हिंक्रिस्टीन पेशींच्या विभाजनातच अडथळा आणते. इतर औषधे वेगवेगळ्या मार्गांनी तेच काम करतात. परंतु रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही सतत विभागत असते. तिच्यावर घाव बसला म्हणजे रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. एका औषधास न जुमानणाऱ्या पेशी दुसऱ्याने माराव्यात, म्हणून पुष्कळदा औषधांची जोडी योजतात. मात्र ज्याचे पहारेकरी आधीच थोडे, त्याला हा भार सोसेलच असे नाही.

एचआयव्हीने असे दुबळेपण येते. सांगली जिल्ह्याने या विषाणूचा मोठा प्रादुर्भाव पाहिला आहे. त्यावरील मोफत औषधोपचार भारतात १ एप्रिल २००४ पासून सुरू झाला. या रुग्णांत कापोसी सार्कोमा हा कर्करोग संभवतो. आपल्या देशात तो विरळाच. तो सौम्य असल्यास एचआयव्हीवरील औषधांनीच पुष्कळदा ओसरतो. पसरलेल्या रोगासाठी आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील रुग्णांवर झालेल्या तुलनेचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांत ब्लिओमायसिन-व्हिंक्रिस्टीन या जोडीपेक्षा एकटे पॅक्लिटॅक्सेल सरस ठरले.

यावरून दुबळ्या रुग्णास नेहमी एकच औषध द्यावे, असा नियम मात्र काढू नये. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात एचआयव्ही असतानाही औषधांचा संचच बहुधा द्यावा लागतो. तेथे भित्रेपणाने उपचार तोकडा करणे म्हणजे बरा होऊ शकणारा रोगी गमावणे होय. व्हिंक्रिस्टीन अस्थिमज्जेस फारसे जाचत नाही, पण मज्जातंतूंना जाचते: हातपाय बधिरतात, मलावरोध होतो. एचआयव्हीवरील व बुरशीवरील काही औषधांच्या संगतीत त्याची विषारीपणाची मात्रा वाढते. म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांस सांगावे.

केमोथेरपीचा डोस मिरजेस वा पुण्यास घेतला, तरी पांढऱ्या पेशींची घट बहुधा आठ-पंधरा दिवसांनी, म्हणजे रोगी घरी परतल्यावर, होते. ताप १००.४ अंशांवर गेला की रात्र असो वा पाऊस, काढ्यावर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. आणि सदाफुलीची पाने कोणी चघळू नयेत; झाडातील विष मोजून दिले तरच औषध होते.