विकासाचें शास्त्र आणि सोलापूरचें घर

‘आंतरराष्ट्रीय विकास’ या नांवाचा एक विषय आहे आणि त्यांत एम. ए. ची पदवी घेतां येते, ही गोष्ट अलीकडे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या कानांवर येऊं लागली आहे. मुलगा डॉक्टर होणार म्हटलें कीं तो रोग्यांस बरें करील हें समजतें. मुलगी इंजिनिअर होणार म्हटलें कीं ती पूल बांधील किंवा यंत्रें चालवील हेंहि समजतें. पण विकास शिकून मनुष्य करतो काय? आणि त्यासाठीं घर गहाण टाकून कर्ज काढावें, इतकी त्या पदवीची योग्यता आहे काय? सोलापूरसारख्या शहरांतील आईबापांच्या मनांत येणारे हे दोन प्रश्न अगदीं रास्त आहेत. त्यांचा विचार क्रमानें करूं.

या विषयाचा मूळ प्रश्न साधा आहे. कांहीं देश, कांहीं प्रांत आणि कांहीं माणसें दरिद्री कां राहतात, तें दारिद्र्य हटविण्यासाठीं आजवर कोणते उपाय झाले, आणि त्या उपायांचा लाभ अखेर कोणाच्या पदरांत पडला, हा तो प्रश्न होय. अर्थशास्त्र उत्पन्नाचें माप घेतें. राज्यशास्त्र सत्ता कोणाच्या हातीं आहे तें पाहतें. समाजशास्त्र जात, कुटुंब आणि स्त्रीपुरुष यांतील संबंध तपासतें. संख्याशास्त्र पुराव्याची पारख शिकवितें. या सर्वांस एका प्रश्नाभोंवतीं गोळा करणें, हेंच या अभ्यासक्रमाचें वैशिष्ट्य आहे.

हें शास्त्र परदेशांतून आपल्याकडे आलें, असा एक समज आहे. परंतु तो अर्धाच खरा आहे. हिंदुस्थानच्या दारिद्र्याची आंकडेवार मीमांसा करणारा दादाभाई नौरोजींचा ग्रंथ १९०१ सालीं प्रसिद्ध झाला, त्या वेळीं या विषयास नांवसुद्धां मिळालें नव्हतें. बडोदें संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ सालीं न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. ची पदवी त्यांनीं १९१५ सालीं मिळविली आणि पुढें लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें अभ्यास करून १९२३ सालीं ते डी. एस्‌सी. झाले. १९१८ सालच्या एका निबंधांत त्यांनीं लहान शेतांचा प्रश्न हातीं घेतला. जमिनीचे तुकडे नुसते एकत्र जोडून हा प्रश्न सुटणार नाहीं. शेतीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी हा खरा रोग आहे आणि उद्योगधंद्यांची वाढ हें त्याचें औषध आहे, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादन केलें. शेतींतील जादा श्रमिकांविषयींचा आर्थर लुइस यांचा सुप्रसिद्ध सिद्धान्त १९५४ सालचा आहे. पुढें १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालेल्या या पंडिताचा सिद्धान्त आणि आंबेडकरांचा निबंध शेजारीं ठेवून वाचले, म्हणजे दोहोंतील नातें सहज दिसतें.

दुसरें उदाहरण तर सोलापूरकरांस अधिक जवळचें आहे. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला गेले आणि तेथें त्यांनीं प्रबंधासाठीं विषय निवडला तो आपल्याच देशाच्या औद्योगिक स्थित्यंतराचा. तो ग्रंथरूपानें १९२४ सालीं बाहेर पडला. १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक झाले. प्रवरेच्या कांठीं शेतकऱ्यांनीं सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हां त्याचे पहिले अध्यक्षहि तेच होते. आणि सोलापूर शहराच्या सामाजिक व आर्थिक स्थितीवरील त्यांचा ग्रंथ १९६५ सालीं प्रसिद्ध झाला. केंब्रिजची विद्या घेतलेला मनुष्य सोलापूरच्या मजुरांच्या मिळकतीचा हिशेब मांडतो, याहून या विषयाची चांगली व्याख्या सांगतां येणें कठीण आहे.

‘आंतरराष्ट्रीय’ हें विशेषण मागाहून जोडलें गेलें. दुसरें महायुद्ध संपल्यावर अनेक वसाहती स्वतंत्र होऊं लागल्या. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनीं २० जानेवारी १९४९ रोजीं आपल्या भाषणांत मागासलेल्या देशांस तांत्रिक साहाय्य देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्या कार्यक्रमांस माणसें लागणार होतीं, आणि माणसें तयार करावयास विद्यालयें लागणार होतीं. हेग येथील संस्था १९५२ सालीं आणि इंग्लंडांतील ससेक्स येथील १९६६ सालीं सुरू झाली. आरंभीं राष्ट्रीय उत्पन्न वाढलें कीं विकास झाला, अशीच समजूत होती. ती बदलण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांस आहे. १९९० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींची सांगड घालणारा मानव विकास निर्देशांक आला, आणि २०१५ सालीं सर्व राष्ट्रांनीं २०३० पर्यंत गांठावयाचीं १७ उद्दिष्टें मान्य केलीं.

आतां वर्गांत प्रत्यक्ष काय शिकवितात, हें पाहण्यासाठीं सोलापूरच्याच उंबरठ्यावर उभे राहूं. १८७४ सालीं स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, ऑगस्ट १९४९ मध्यें बंद पडली. हजारों कुटुंबांच्या चुली तिच्यावर अवलंबून होत्या, म्हणून जानेवारी १९५० मध्यें केंद्र सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला, आणि भागीदारांनीं केलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खासगी मालमत्तेचा हक्क मोठा कीं मजुराची भाकरी मोठी, हा प्रश्न नव्या राज्यघटनेपुढें अगदीं आरंभींच उभा राहिला तो सोलापूरच्या गिरणीमुळें. पुढें शहरांतील गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले. पुरुष यंत्रमागाकडे वळले, आणि असंख्य घरांतून स्त्रियांच्या मांडीवरील सुपांत तंबाखू व पानें आलीं.

येथें विकासाचा विद्यार्थी काय विचारतो? घराचें उत्पन्न किती, एवढ्यावर तो थांबत नाहीं. तें कोणी मिळविलें, कोणाच्या हातीं पडलें, हजार विड्यांमागें मजुरी किती ठरली आणि नापास म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा तोटा कोणाच्या माथीं बसला, हें तो विचारतो. मग त्यास दिसतें कीं हा प्रश्न जिनीव्हापर्यंत पोंचलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानें २००३ सालीं तंबाखूनियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतानें २००४ सालीं त्यास मान्यता दिली. तंबाखूनें माणसें मरतात, तेव्हां करार योग्यच आहे. परंतु विड्या वळणारणीनें मग करावें काय? त्याच कराराच्या सतराव्या कलमांत तंबाखूच्या धंद्यांतील कामगारांस दुसरें किफायतशीर काम मिळवून देण्यास साहाय्य करण्याची गोष्ट लिहिली आहे. तें कलम कागदावरून सोलापूरच्या गल्लींत कसें उतरावें, हा एका प्रबंधाचा नव्हे, दहा प्रबंधांचा विषय आहे.

पाण्याचेंहि तसेंच. उजनीचें धरण भीमेवर १९८० च्या सुमारास पुरें झालें. जिल्ह्यांत ऊस वाढला आणि साखर कारखान्यांत सोलापूर आघाडीस आलें. तरीहि त्याच धरणाचें पाणी घेणाऱ्या सोलापूर शहरांत कित्येक वर्षें नळास चारपांच दिवसांआड पाणी येत असे. धरणांत पाणी असणें आणि घागरींत पाणी असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधील अंतर कोणत्या निर्णयांनीं पडतें हें शोधणें म्हणजेच विकासाचा अभ्यास.

शिवाय या शास्त्रांत महाराष्ट्र केवळ घेणारा नाहीं, देणाराहि आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२-७३ च्या दुष्काळांत कसास लागली. काम मागणाऱ्यास काम देण्याचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळानें १९७७ सालीं केला आणि तो १९७९ पासून अंमलांत आला. देशभरासाठीं तसा कायदा होण्यास २००५ साल उजाडलें. दुष्काळ आणि दारिद्र्य यांवर लिहिणाऱ्या जगांतील अर्थशास्त्रज्ञांनीं या योजनेचा बारकाईनें अभ्यास केला आहे. आपल्या आजोबांनीं खडी फोडलेल्या कामाचें विवेचन लंडनच्या वर्गांत ऐकण्याचा प्रसंग सोलापूरच्या विद्यार्थ्यावर येऊं शकतो, तो असा.

आतां व्यवहाराकडे वळूं. ही पदवी घेण्यासाठीं समुद्रापलीकडेच गेलें पाहिजे असें नाहीं. टाटा समाजविज्ञान संस्थेचें तुळजापूर येथील केंद्र १९८६ पासून ग्रामीण भागांत काम करीत आहे, आणि सोलापूरहून तुळजापूर म्हणजे तासाभराचा रस्ता. पवईच्या आय. आय. टी. मध्यें ग्रामीण भागास उपयोगी पडेल अशा तंत्रविद्येचें स्वतंत्र केंद्र १९८५ सालीं निघालें. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठांत विकास हा विषय घेऊन एम. ए. होतां येतें. या देशांत अभ्यासक्रमास बहुधा दोन वर्षें लागतात. इंग्लंडांत एकच वर्ष लागतें, परंतु तें एक वर्ष येथील दोहोंहून फार महाग पडतें. त्यासाठीं अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांस राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सर्वांस खुली आहे. तिला सुमारें दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षें स्वदेशीं राहण्याचें बंधन असतें.

आणि नोकरी? येथें गोड बोलून चालणार नाहीं. ब्रिटनचें स्वतंत्र विकास खातें २०२० सालीं परराष्ट्र खात्यांत विलीन झालें. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत देण्याचा त्या देशाचा प्रघात २०२१ सालीं ०.५ टक्क्यांवर आला, आणि २०२७ पर्यंत तो ०.३ टक्क्यांवर नेण्याचें २०२५ सालीं जाहीर झालें. अमेरिकेनें तर १९६१ पासून चालत आलेली आपली मदतसंस्था २०२५ सालीं बंदच केली. जगभर या क्षेत्रांतील अनुभवी माणसें कामाविना झालीं. तेव्हां परदेशी पदवी घेतली कीं संयुक्त राष्ट्रांत खुर्ची तयार असते, ही कल्पना मनांतून काढून टाकलेली बरी.

कर्जाचा प्रश्न येथेंच येतो, आणि तो केवळ हप्त्यांचा नाहीं. दुष्काळी गांवांत काम करावें म्हणून जो तरुण हा विषय निवडतो, तो तीसचाळीस लाखांचें ऋण डोक्यावर घेऊन परत आला, तर गांवांतील संस्थेचा पगार त्यास परवडत नाहीं. मग तो मोठ्या शहरांतील सल्लागार कंपनीच्या दारीं जातो, आणि ज्या कामासाठीं पदवी घेतली तेंच काम त्या पदवीच्या किमतीमुळें हातचें जातें. म्हणून शिष्यवृत्ती मिळाली तर परदेश, नाहीं तर तुळजापूर किंवा मुंबई, हा हिशेब भित्रेपणाचा नाहीं. तो ध्येयाशीं इमान राखणारा आहे.

ज्यांस हा मार्ग धरावयाचा आहे त्यांनीं तीन गोष्टी कराव्या. पहिली ही कीं, पदवीपूर्वीं दोन वर्षें एखाद्या संस्थेंत, सहकारी पतपेढींत, आरोग्य केंद्रांत किंवा पाणलोटाच्या कामावर घालवावीं. प्रश्न अनुभवानें कळलेला असला म्हणजे पुस्तक बोलूं लागतें. दुसरी, केवळ ‘विकास’ न शिकतां एक हत्यार हातीं घ्यावें. संख्याशास्त्र, कायदा, जलविद्या, सार्वजनिक आरोग्य, यांपैकीं कांहींतरी पक्कें असावें. तिसरी, आपल्या भाषा जपाव्या. सोलापूरच्या पेठेंत मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चारहि भाषा कानांवर पडतात. विणकराशीं तेलुगूंत आणि शेतकऱ्याशीं कानडींत बोलूं शकणारा अभ्यासक कोणत्याहि विद्यापीठास विकत घेतां येत नाहीं.

या शहराला याचें उदाहरण बाहेर शोधावयास नको. १९१० सालीं सोलापुरांत जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले. त्यांच्याजवळ शस्त्रवैद्याची पक्की विद्या होती. तेथें त्यांनीं चिनी भाषा आत्मसात केली, तेथील लोकांबरोबर हालअपेष्टा सोसल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच देह ठेवला. त्यांच्यापाशीं विकासाची पदवी नव्हती. परंतु परक्या समाजाच्या उपयोगीं कसें पडावें, हें त्यांच्याइतकें थोड्यांसच साधलें आहे.

तेव्हां मुलानें किंवा मुलीनें हा विषय काढला, तर आईबापांनीं ‘नोकरी कोणती’ हें जरूर विचारावें, पण त्याआधीं ‘प्रश्न कोणता’ हें विचारावें. पाणी, मजुरी, शाळा, आरोग्य, यांतील एखाद्या प्रश्नाचें उत्तर तें मूल नेमकेपणानें देऊं शकलें, तर अर्ज भरण्यास घरानें अवश्य साहाय्य करावें. उत्तर आलें नाहीं, तर आधीं दोन वर्षें कामावर पाठवावें. पदवी तोंपर्यंत कोठें जात नाहीं.