पाना हातात घ्यावा की नाही?

कुकरची रिंग बदलणं, मिक्सरचा कपलर बसवणं, नळाचा वायसर घालणं ही कामं आपण बायका बोलता बोलता उरकतो. पण गाडीचं बॉनेट उघडायची वेळ आली की म्हणतो, 'हे येऊ देत, मग बघतील.' आता मात्र हे परगावी नोकरीला, घरात म्हातारी माणसं आणि गाडीची किल्ली आपल्याकडे, असं किती घरांत दिसतं! मोबाईलवर दुरुस्तीचे व्हिडिओही मिळतात. मग मैत्रिणींनो, कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं नाही?

आमच्या बचत गटातली एक जण सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जिल्ह्याच्या गावी नेते. पावसाळ्याच्या तोंडावर वायपर बंद पडले, आणि ब्रेक दाबला की करकर आवाज यायला लागला. मला म्हणाली, "ताई, दोन्ही घरीच करते. व्हिडिओ बघितलाय. तेवढीच मजुरी वाचेल."

मी तिला एवढंच विचारलं, "काम चुकलं तर काय होईल? गाडी सुरू होणार नाही, की गाडी थांबणार नाही?"

सुरू झाली नाही तर फार तर रिक्षा करू. पण उतारावर थांबली नाही तर?

वायपरसाठी तिनं गाडी बंद करून किल्ली काढली आणि फ्यूजचा डबा उघडला. कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. जळालेल्या फ्यूजमधली तार तुटलेली दिसते. नवा घालायचा तो त्याच आकड्याचा. सहसा १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा असतो. मोठ्या आकड्याचा घातला किंवा नुसती तार गुंडाळली, तर वायरिंग तापून गाडी पेटू शकते. आणि नवाही लगेच उडाला तर दोष दुसरीकडे आहे, मग इलेक्ट्रिशियनच हवा. तिचं काम एका फ्यूजवर भागलं.

ब्रेकला मात्र मी हात लावू दिला नाही. पॅड बदलताना चाक काढून गाडी नीट आधारावर ठेवावी लागते, नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही. काम झाल्यावर पेडल काही वेळा दाबून घट्ट करून घेतलं नाही, तर पहिला ब्रेक लागतच नाही. हे कळायला सासूबाईंना गाडीत बसवून बघायचं का? तीच गत स्टिअरिंग, एअरबॅग, पेट्रोलची नळी, सीएनजीची. इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरींना तर बोटही लावू नये.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. वायपरचं रबर, एअर फिल्टर, टायरची हवा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर आला तर आधी उणे खुणेची वायर सोडवायची, मग अधिकची. खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं जुन्या ब्रशनं थर घासायचा आणि पुसून कोरडं करायचं. लावताना उणे शेवटी. त्याआधी सोन्याच्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवा. बॅटरीला धातू चिकटला तर ठिणगी उडते, हात भाजतो. पदर-ओढणी खोचून घ्या, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असूनही पंखा अचानक फिरतो. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं.

पंक्चरच्या वेळी सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावा. जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालू नका.

गाडी वॉरंटीत असेल तर काहीही खोलण्याआधी कागद वाचा. आणि गॅरेजमध्ये गेलात तरी नुसतं बाकावर बसू नका. काय बदलणार ते आधी विचारा, जुना पार्ट परत मागा, बिल घ्या. आमच्या मैत्रिणीनं झिजलेलं पॅड हातात घेऊन बघितलं. पैसे गेले, पण कशाला गेले ते तिला समजलं.

या रविवारी स्वयंपाक उरकला की गाडीचं पुस्तक काढा. जॅक कुठे आहे, स्टेपनीत हवा आहे का, फ्यूजचा डबा कुठे दडलाय, एवढं तरी शोधून ठेवा. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली, तर शोधाशोध तरी करावी लागणार नाही.