संकोच नको, तपासणी हवी

‘अंगावरून पांढरे जाते’ हे तीन शब्द उच्चारायला अनेक स्त्रियांना महिनोन्‌महिने लागतात. डॉक्टरांपर्यंत गोष्ट पोहोचते, तोवर दुकानातून परस्पर आणलेले बुरशीवरचे मलम लावून झालेले असते आणि गुण आलेला नसतो. कारण उघड आहे : प्रत्येक स्राव बुरशीमुळे होत नाही.

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जीवाणू लॅक्टिक आम्ल निर्माण करून तेथील आम्लता राखतात. त्यांची संख्या घटली की गार्डनेरेलासारखे इतर जीवाणू बळावतात. या स्थितीस ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ म्हणतात. कित्येक स्त्रियांना तिची काहीच लक्षणे जाणवत नाहीत.

तिच्या निदानासाठी ॲमसेल व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये चार कसोट्या मांडल्या. पातळ, एकसारखा, करडसर पांढरा स्राव ही पहिली. आम्लतादर्शक पट्टीवर पीएच ४.५ हून अधिक येणे ही दुसरी. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणाचा थेंब टाकताच माशांसारखा वास येणे ही तिसरी. सूक्ष्मदर्शकाखाली, कडा जीवाणूंनी झाकलेल्या पेशी दिसणे ही चौथी. चारांपैकी तीन जुळल्या की निदान पक्के मानतात.

फॅमिली डॉक्टरांकडे सूक्ष्मदर्शक नसला, तरी विचारपूस, तपासणी आणि पीएचची पट्टी यांतून बरीच दिशा मिळते. बुरशीत खाज अधिक, स्राव दह्याच्या चोथ्यासारखा आणि पीएच बहुधा नेहमीचाच असतो. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गातही पीएच वाढतो. तेथे पतीवरही उपचार आवश्यक ठरतात. म्हणून केवळ पट्टीवर विसंबता येत नाही. शंका राहिल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. तेथे ग्रॅम रंजन करून ० ते १० असे न्यूजेंट गुणांकन करतात. ७ वा अधिक गुण म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस.

डॉक्टर बहुधा मेट्रोनिडाझोल सात दिवस देतात. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये. हा त्रास पुन्हा उद्भवू शकतो. तसे झाल्यास जुनी चिठ्ठी दुकानात न दाखवता पुन्हा तपासून घ्यावे. योनिमार्ग आतून धुणे, सुगंधी द्रव्ये वापरणे टाळावे. त्याने उपकारक जीवाणूच नाहीसे होतात. गरोदरपणी स्रावात बदल जाणवल्यास, तसेच ताप, ओटीपोटात दुखणे किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव असल्यास विलंब करू नये.

हा विकार अस्वच्छतेचा पुरावा नव्हे, की कोणाच्या चारित्र्याचा दाखलाही नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे जाणले, तरी लेकीसुनांची दवाखान्याची वाट सोपी होईल.