जयंतीची निळी बिस्किटं : रंग घरचा, गोडी मापाची

एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांना निळा रंग चढतो. 11 तारखेला महात्मा फुले जयंती, 14 तारखेला भीमजयंती आणि थोड्याच दिवसांत वैशाखी बुद्धपौर्णिमा. पूर्वी या दिवसांत घरोघरी खीर, बुंदी, शिरा असायचा. आता त्यात केकची भर पडली आहे. 13 एप्रिलच्या रात्री बाराच्या ठोक्याला निळा केक कापायचा, ही रीत ढाणकी-उमरखेडपासून मुंबईपर्यंत सगळीकडे रुळली आहे. लेकरांच्या ओठांवर, जिभेवर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो निळा रंग दिसतो. तेव्हा माय विचारते, "हा रंग पोटात गेला तर काही होत तर नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर आणि घरीच करता येईल असा एक सोपा पर्याय या लेखात देत आहोत.

निळा रंग येतो कुठून?

खाण्याचे कृत्रिम रंग म्हणजे विषच, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. आपल्या देशात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. केकवरच्या निळ्यासाठी साधारणपणे 'ब्रिलियंट ब्लू' वापरतात. पाकिटावर तो 133 या क्रमांकाने लिहिलेला असतो. पिवळ्यासाठी 'टार्ट्राझीन' असतो, त्याचा क्रमांक 102. केक, बिस्किटं, मिठाईत असा रंग किती असावा याला मर्यादा आहे : एक किलो पदार्थात जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅम. म्हणजे चिमटीचाही लहानसा भाग. गडद, डोळ्यांत भरणारा निळा आणायचा म्हणून घरी किंवा मंडळात हात सैल सुटला, की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

खरा धोका दुसराच आहे. खाण्याचा नसलेला रंग खाण्यात जातो तो. कापड रंगवायचे, रांगोळीचे, होळीचे रंग स्वस्त मिळतात आणि गडदही असतात. फेब्रुवारी 2024 मध्ये तामिळनाडू सरकारने 'म्हातारीचे केस' विकायला बंदी घातली, कारण तपासणीत त्या गुलाबी मिठाईत रोडामाइन-बी हा कापडाचा रंग सापडला होता. म्हणून रंग सुटा, कागदाच्या पुडीत बांधलेला घेऊ नये. डबीवर खाद्यरंग असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि चौदा अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक पाहावा. कपड्यांना घालायची नीळ तर कोणत्याही कारणाने खाण्यात टाकू नये.

केकचं आणखी एक दुखणं उन्हाचं आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी पार करतो. दुकानातून आणलेला क्रीमचा केक मिरवणूक संपेपर्यंत मंडपात राहिला, तर क्रीम पाझरतं आणि त्यात जंतू झपाट्याने वाढतात. दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब होतात आणि नाव मात्र उन्हाचं होतं.

बिस्किट का बरं?

बिस्किटाला फ्रिज लागत नाही. त्यावर फक्त पिठीसाखर आणि थोड्या पाण्याचं आइसिंग दिलं, तर ते आपल्या कोरड्या उन्हाळी हवेत दोन-तीन तासांत खडखडीत वाळतं. त्यात लोणी-क्रीम नसल्यामुळे वितळायला काही नसतं. शिवाय एवढी दाट साखर पाणी स्वतःकडे धरून ठेवते, त्यामुळे जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. मुरांबा टिकतो तो याच कारणाने. काही जण आइसिंगमध्ये अंड्याचा कच्चा पांढरा बलक फेटून घालतात. ते टाळावं. कच्च्या अंड्यातून पोटाचा संसर्ग होऊ शकतो.

दुसरा फायदा मापाचा. केकचा तुकडा कापणाऱ्याच्या हातावर असतो. बिस्किट मात्र मोजून देता येतं. खाली दिलेल्या प्रमाणात एका बिस्किटात सगळी मिळून 5 ग्रॅम साखर येते, म्हणजे चहाचा एक चमचा.

साहित्य (25 बिस्किटांसाठी)

कणीक 150 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 50 ग्रॅम, तूप 100 ग्रॅम, पिठीसाखर 60 ग्रॅम, दूध दोन-तीन मोठे चमचे, चिमूटभर मीठ, वेलची. आइसिंगसाठी पिठीसाखर 65 ग्रॅम. साखर घरीच मिक्सरमधून काढली तर चालते. आइसिंगची साखर मात्र अगदी बारीक करून पातळ कापडातून चाळून घ्यावी.

मैद्याऐवजी कणीक घेतल्याने कोंड्याचा अंश पोटात जातो. ज्वारीने खुसखुशीतपणा येतो, पण ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ती पाव भागापेक्षा जास्त घेतली तर लाटताना बिस्किट मोडतं. साजूक तूप परवडत नसेल तर 70 ग्रॅम तूप आणि बाकी घरातलं गोडं तेल घ्यावं. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट हृदयाच्या रक्तवाहिन्यांना घातक असते. जानेवारी 2022 पासून तेल-तुपात ती 2 टक्क्यांच्या आत ठेवण्याचं बंधन आहे. पण सुट्या, बिननावाच्या मालाची खात्री कोण देणार?

कृती

तूप आणि पिठीसाखर हलकं होईपर्यंत फेसून घ्यावं. त्यात दोन्ही पिठं, मीठ, वेलची टाकून दुधाच्या हाताने गोळा करावा. पोळीच्या कणकेसारखं मळू नये. जास्त मळलं की गव्हाचा चिकटपणा वाढतो आणि बिस्किट कडक होतं. उन्हाळ्यात तूप पातळ राहतं, त्यामुळे गोळा ढिला पडतो. तो झाकणाच्या डब्यात घालून डबा माठातल्या गार पाण्याच्या परातीत अर्धा तास ठेवावा. हे काम सकाळी लवकर करणं सोपं जातं.

करंगळीच्या निम्म्या जाडीची पोळी लाटावी. पुठ्ठ्याचं पिंपळपान कापून घ्यावं, त्यावर स्वच्छ प्लास्टिक गुंडाळून ते पोळीवर ठेवावं आणि सुरीने कडेने कापावं. झालं बोधिपान. वाटीने गोल कापले तरी चालतात.

ओव्हनची गरज नाही. जाड बुडाची कढई किंवा जर्मनचा गंज घ्यावा. तळाशी दोन पेले जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती पसरावी. त्यावर एक स्टँड ठेवून झाकण लावावं आणि मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्यावं. मीठ किंवा रेती आच एकसारखी पसरवते, त्यामुळे बिस्किटं बुडाशी करपत नाहीत. तूप लावलेल्या ताटलीत बिस्किटं थोडी अंतराने मांडून मंद आचेवर 15 ते 20 मिनिटं भाजावी. कडा तांबूस झाल्या की काढावी. गरम असताना ती मऊ लागतात. गार झाली की कडक होतात. मऊ आहेत म्हणून आणखी भाजत बसू नये. मीठ बराच वेळ तापलेलं राहतं, तेव्हा लेकरांना कढईपासून दूर ठेवावं.

एका घाण्यात सहा-सातच बिस्किटं बसतात. विहारात शे-दोनशे जणांना वाटायची असतील, तर महिला मंडळाने साहित्य मोजून घ्यावं आणि बेकरीच्या भट्टीवर भाजून आणावं. दिवाळीत आपण पीठ-साखर-तूप नेऊन बिस्किटं भाजून आणतोच. साहित्य आपलं असलं की तूप कोणतं, साखर किती, हेही आपल्या हातात राहतं.

पाच रंग स्वयंपाकघरातून

आपल्या पंचरंगी धम्मध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी हे रंग आहेत. हा ध्वज 1885 साली वैशाखी पौर्णिमेला श्रीलंकेत पहिल्यांदा फडकला. हे पाचही रंग घरातच मिळतात.

निळा : अंगणातल्या कुंपणावर गोकर्णाचा वेल असतो. त्याची दहा-बारा निळी फुलं धुऊन, हिरवे देठ काढून, फक्त पाकळ्या तीन चमचे उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवाव्या. पाणी गडद निळं होतं. गोकर्णाच्या बिया आणि मुळ्या मात्र वापरू नयेत, त्यांनी जुलाब होतात. शेताच्या बांधावरची, फवारणी झालेल्या जागेची फुलंही घेऊ नयेत. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतमजुरांना झालेली विषबाधा आपण विसरलेलो नाही. ते औषध पाना-फुलांवरही राहतं.

पिवळा : हळद. उमरखेड भागात हळदीचं पीक होतं. ओळखीच्या शेतकऱ्याची हळकुंडं दळून आणली तर भेसळीची भीती नाही. चिमूटभर पुरते.

लाल : बीट किसून पिळलेला रस. हा लालपेक्षा गुलाबीकडे झुकतो.

केशरी : हळदीत बिटाच्या रसाचे एक-दोन थेंब.

पांढरा : साखरेचा स्वतःचा.

पिठीसाखर पाच वाट्यांत वाटून घ्यावी. प्रत्येकीत रंगाचं पाणी थेंबाथेंबाने टाकून कालवावं. चमचा उचलल्यावर धार पडावी आणि ती धार वाटीत हळूहळू विरावी, एवढं घट्ट हवं. पातळ झालं तर बिस्किटावरून ओघळतं. पांढऱ्या वाटीत साधं उकळून गार केलेलं पाणी टाकावं. बिस्किटं पूर्ण गार झाल्यावरच आइसिंग चमच्याच्या पाठीने पसरावं. ते वाळलं की स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत उरलेलं आइसिंग भरून, कोपरा बारीक कापून, पिंपळपानाच्या शिरा काढाव्या. वाळवायला जाळीखाली सावलीत ठेवावी. उन्हात गोकर्णाचा रंग उडतो.

निळ्या पाण्यात लिंबाचा थेंब टाकू नये, ते जांभळं होतं. लेकरांना मात्र हे मुद्दाम वेगळ्या वाटीत करून दाखवावं. आंबटपणाने रंग बदलतो, हे शाळेत लिटमस कागदावर शिकवतात. इथे ते घरातल्या वाटीत दिसतं. हे रंग बाजारातल्या रंगाइतके गडद होत नाहीत. फिका निळा दिसला तर काही बिघडलं असं समजू नये.

केकवर बाबासाहेबांचा फोटो छापून त्यावर सुरी चालवणं अनेकांना रुचत नाही. बिस्किटावरही फोटो, नाव किंवा संपूर्ण ध्वज काढण्याऐवजी एका बिस्किटाला एकच रंग द्यावा. ताटात पाच रंगांची पाच पानं ओळीने मांडली की अर्थ पोहोचतो.

कोणाला किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगलं. 25 ग्रॅम म्हणजे पाच-सहा चमचे. लहान मुलांसाठी हे माप आणखी कमी. जयंतीच्या दिवशी चौकाचौकात मिळणाऱ्या सरबताच्या एकेका पेल्यातच चार-पाच चमचे साखर असू शकते. तेव्हा शाळकरी लेकराला दोन बिस्किटं पुरे. दोन वर्षांखालच्या बाळाला साखर न दिलेलीच बरी.

मधुमेह असलेल्यांनी एखादं बिस्किट जेवणानंतर खावं, उपाशीपोटी नाही, आणि गोळी किंवा इन्सुलिन चुकवू नये. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेहाला चालतो, हा गैरसमज आहे. गुळानेही रक्तातली साखर वाढते. अंगात रक्त कमी असलेल्या बाया-मुलींनी चहा-बिस्किटावर दुपार काढू नये. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. बिस्किट हा सणाचा खाऊ आहे, जेवणाची जागा त्याला देऊ नये.

सिकलसेलचे रुग्ण आपल्या समाजात बरेच आहेत. उन्हात मिरवणुकीत चालताना अंगातलं पाणी कमी झालं, तर त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांच्या हातात बिस्किटाआधी साध्या पाण्याची बाटली द्यावी आणि थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजत राहावं. फार दुखू लागलं, ताप आला किंवा धाप लागली तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

ठेवणं आणि वाटणं

आइसिंग पूर्ण वाळल्यावर बिस्किटं कोरड्या स्टीलच्या डब्यात भरावी. आठवडाभर चांगली राहतात. छापील वर्तमानपत्रात बांधू नयेत, शाई खाण्याला लागते. साधा कोरा कागद किंवा पळसाची पानं वापरावी.

एकेकाळी आपल्या हातचं पाणीसुद्धा गावाला चालत नव्हतं. आज विहारासमोर ताट मांडलं की गावातले सगळे समाज हात पुढे करतात. म्हणून त्या ताटात काय ठेवतो याची जबाबदारी मोठी आहे. भगवान बुद्धांनी मध्यम मार्ग सांगितला. लेकरांचा खाऊ बंद करायचा नाही आणि सणाच्या नावाखाली काहीही खायलाही घालायचं नाही. माप माहीत असलं, रंग कुठून आला हे माहीत असलं, की दोन्ही साधतं. यंदा गोकर्णाचा वेल नसेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर विहाराच्या कुंपणाशी दोन बिया पेराव्या. पुढच्या जयंतीला निळा रंग विकत आणावा लागणार नाही.